हुकलेल्या पेनल्टीनंतर

मोठा खेळाडू कोणाला म्हणायचे? सर्वाधिक गोल करणाऱ्याला, की सर्वाधिक चषक जिंकून देणाऱ्याला? आमच्या घरी हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात निघाला आणि त्याचे उत्तर मला कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या इतिहासात मिळाले.

हा क्लब 1889 सालचा. 29 जुलै 1911 रोजी त्याने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या फौजी संघाला 2-1 असे हरवले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते फक्त सुधीर चटर्जींच्या पायांत. कर्णधार शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. पुढे गोष्ठ पाल आले. त्यांचा बचाव इतका भक्कम की लोक त्यांना 'चीनची भिंत' म्हणत. 1962 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू.

पण माझे मन रेंगाळते ते शैलेन मन्ना यांच्यापाशी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ फ्रान्सशी पडली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यातली एक मन्नांची होती. सामना आपण 1-2 असा गमावला.

माझ्या दहा वर्षांच्या मुलाची शाळेच्या सामन्यात अशीच पेनल्टी हुकली. वर्गातल्या मुलांनी दोन दिवस चिडवले. त्याने बूट माळ्यावर टाकले आणि जाहीर केले, "मी आता खेळणार नाही." आईची समजूत, आजीचे लाडू, कशाचाच उपयोग होईना. रात्री मी त्याला मन्नांची गोष्ट सांगितली.

"मग त्यांना संघातून काढलं का हो, बाबा?"

"नाही रे. 1951 मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. इराणला 1-0 हरवून भारताने सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा आपले कप्तान मन्नाच होते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मधली तीन वर्षं ते काय करत होते?"

"खेळत होते. मोहन बागानकडून."

बूट लगेच खाली आले नाहीत. चार दिवसांनी आले.

मन्ना 1942 पासून 1960 पर्यंत याच क्लबकडून खेळले. नोकरी भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात. त्यांच्यानंतरचे चुनी गोस्वामीही तसेच. 1954 ते 1968 मोहन बागान, दुसरा क्लब नाही. 1962 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने जकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकले. क्रिकेटमध्येही त्यांनी 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व केले. मन्ना 2012 मध्ये गेले, गोस्वामी 2020 मध्ये.

जिंकणारे प्रत्येक क्लबला मिळतात. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभे राहणारे थोडे असतात, आणि मला वाटते, क्लब त्यांच्यावरच उभा असतो. 2001 मध्ये 'मोहन बागान रत्न' हा सन्मान सुरू झाला, तेव्हा तो सर्वप्रथम मन्नांना देण्यात आला. लंडनची ती पेनल्टी नोंदीत कायम आहे. तिच्या मागेपुढे पसरलेली क्लबची ती सारी वर्षेही कायम आहेत.