हाताला कळणारा उशीर

पडद्यावर करडा ठोकळा आणि माझ्या हातात यंत्राच्या भुजेला जोडलेली लेखणी. लेखणी पुढे नेली की ठोकळ्याचा टणकपणा बोटांना लागतो. वस्तू खोटी, प्रतिकार खरा. यंत्र सेकंदाला साधारण 1000 वेळा हाताची जागा तपासतं आणि तितक्याच वेळा मोटरचं बळ बदलतं. डोळ्यांचं 30 चित्रांवर भागतं, बोटांचं नाही.

त्या दिवशी ठोकळ्याची दुसरी बाजू मुंबईतल्या मैत्रिणीने धरायची होती, मी पुण्यात. याला दांडगं इंटरनेट लागत असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात एका वेळचा निरोप म्हणजे तीन आकडे, 12 बाइट. त्यावर यूडीपी आणि आयपीचं वेष्टण 28 बाइटांचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! टीसीपी आम्ही टाळलं. हरवलेलं पॅकेट परत मागवेपर्यंत हात कुठल्या कुठे गेलेला असतो. त्यापेक्षा पुढचं ताजं बरं.

ठोकळा उचलला गेला. “अगं, जरा डावीकडे घे,” असं ती म्हणायच्या आधीच तिची ओढ माझ्या बोटांत उतरली होती. रोज फोनवर बोलणाऱ्या माणसाचा जोर पहिल्यांदाच हाताला कळत होता. मला भरून आलं.

मग आम्ही मुद्दाम उशीर वाढवत नेला. 50 मिलिसेकंदांकडे जाता जाता ठोकळा थरथरू लागला. मी दाबते, उत्तराचं बळ उशिरा येतं, तोवर हात आत घुसलेला. हात मागे आला तरी ते बळ ढकलतच राहतं. प्रत्येक फेरीत थोडी जास्तीची ऊर्जा आत शिरते. अवमंदन, म्हणजे हालचालीला होणारा रोध, वाढवलं की थरथर थांबते, पण टणक ठोकळा मऊ आणि जड लागतो. दुरून गाठ चाचपणाऱ्या डॉक्टरला हे कसं चालेल? टणक की मऊ, तेवढंच तर त्यांना हवं असतं.

2002 साली एमआयटी आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी अटलांटिकच्या दोन काठांवरून असाच एक ठोकळा मिळून उचलला होता. अंतर 5000 किलोमीटरांहून जास्त. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 50 मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचेच. कितीही वेगवान जोडणी घ्या, एवढे जाणारच.

म्हणून आता आम्ही बळाऐवजी वस्तूचा टणकपणा आणि घर्षण पाठवतो. प्रतिकार इथल्याच संगणकावर तयार होतो. स्थिर वस्तूंना हे छान जमतं. पण मैत्रीण पुढच्या क्षणी कुठे ओढणार, ते असं आधी पाठवून ठेवता येत नाही. सध्या आमचं सगळं काम तिथेच चाललंय.