गिटारला भोक पाडायचे की नाही?

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मुलांचे समूहगीत ऐन रंगात आले असताना स्पीकरमधून एक किंचाळी उठली, ती तुम्हाला आठवत असेल. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानांवर हात ठेवले, तबला थांबला, आणि चहाच्या टेबलापाशी उभे असलेले बाबालोक आग लागल्यासारखे आत धावले. तर सांगायचे म्हणजे, ती किंचाळी आमच्या घरची होती.

आम्ही म्हणजे वुडलँड्सला राहणारे तिघे. लेखणी बाबांच्या हातात असली तरी मजकूर आई आणि कन्येने तपासलेला आहे. कन्या तेरा वर्षांची. त्या दिवशी ती गाण्याला गिटारची साथ करत होती. गिटार ऐकू येईना म्हणून तिच्यासमोर एक माइक ठेवला, तरीही ऐकू येईना म्हणून कोणीतरी त्याचा आवाज वाढवला. (ते कोणीतरी आम्हीच. आता कबूल करायला हरकत नाही.) पुढचे सारे शास्त्राप्रमाणे झाले. माइकने उचललेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडला, तोच पुन्हा माइकमध्ये शिरला, पुन्हा मोठा होऊन बाहेर आला. त्यात गिटारचे पोट पोकळ. आतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपण होऊन घुमते, आणि स्पीकरच्या आवाजाने वरची फळीही थरथरते. म्हणजे माइकसमोर गिटार धरणे हे एका माइकसमोर दुसरा माइक धरण्यासारखेच आहे.

घरी आल्यावर कन्येने गिटार पिशवीत घातली, कपाटामागे ठेवली आणि म्हणाली, "मी आता स्टेजवर वाजवणार नाही." आम्ही म्हटले, होईल दोन दिवसांत शांत. दोन महिने झाले तरी पिशवीची चेन उघडली नाही.

इथे गिटारबद्दल थोडे सांगायला हवे. ती सौ.च्या धाकट्या भावाची, म्हणजे कन्येच्या मामाची. १९९३ साली सांगलीला डिप्लोमा करत असताना त्याने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि ती घेतली. कलकत्त्याची बनावट, वरची फळी प्लायवूडची, किंमत बेताची. मामा २०१६ साली गेला. गिटार मिरजेच्या घरी आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. २०२३ साली आम्ही गेलो तेव्हा आजीने ती नातीच्या हातात दिली. सिंगापूरच्या दमट हवेत लाकूड थोडे फुगले आणि तारा उंच गेल्या, पण कन्येने तक्रार केली नाही.

तेव्हा माइक नको, गिटारलाच पिकअप बसवू, असे आम्ही ठरवले. इंजिनिअर माणसाने काही ठरवले की आधी तक्ता तयार होतो, तसा झाला. ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल त्यांच्यासाठी त्यातले कामाचे तेवढे सांगतो.

पहिला प्रकार लोहचुंबकाचा. गिटारच्या गोल भोकात आडवा अडकवायचा, स्क्रू आवळला की झाले, लाकडाला धक्का नाही. किंचाळीचा धोका सर्वांत कमी, कारण तो हवा किंवा लाकूड ऐकतच नाही, फक्त पोलादी तार हलली की ओळखतो. तारेवरचे पितळी किंवा काशाचे वेटोळे त्याला दिसत नाही, आणि नायलॉनच्या तारा असतील तर तो ठार बहिरा. दुसरा प्रकार घोडीवरच्या हाडाच्या खाली बसणारी पट्टी. स्टेजवरच्या बहुतेक गिटारींत हाच असतो. आवाज स्पष्ट, पण जोरात छेडले की बदकासारखा क्वॅक येतो. तिसरा प्रकार घोडीच्या बरोबर खाली, आतल्या बाजूने चिकटवायच्या चकत्या. यांना लाकडाचा आवाज येतो, बोटाने फळीवर टकटक केली तर तीही ऐकू येते. अर्थात स्पीकरने हलवलेले लाकूडही त्यांना ऐकू येते, म्हणून किंचाळीची भीती थोडी जास्त.

दुसरा आणि तिसरा प्रकार चालतो तो पिएझोच्या तत्त्वावर. मुलांनो, स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खट्कन दाबला की ठिणगी पडते ना? आत एका स्फटिकासारख्या पदार्थावर ठोका बसतो आणि वीज तयार होते. प्येर आणि जाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली हे दाखवून दिले. त्यातला प्येर म्हणजे मादाम क्यूरींचे पुढे झालेले यजमान. लायटरमध्ये ठोका असतो, गिटारमध्ये तारेची थरथर, एवढाच फरक.

तक्त्यात शेवटी एक रकाना होता, "भोक". पिकअप कोणताही घ्या, वायर नीट बाहेर काढायची तर गिटारच्या बुडाला, पट्ट्याची खुंटी असते तिथे, १२ मिलिमीटरचे भोक पाडून जॅक बसवावा लागतो. चुंबकाची वायर पुढूनच लोंबकळत ठेवता येते, पण तिच्यात पाय अडकून पडायलाही होते. या रकान्यापाशी आमचा तक्ता अडला. सौ. म्हणाली, "दादूच्या गिटारला ड्रिल लावायचं नाही." विषय संपला.

सौ. मिरजेची, हेही लक्षात घ्या. तिथे सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी घडताना बघत ती मोठी झाली. पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळवून, त्यातले निवडून, महिनोन्महिने खपून वाद्य तयार होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमच्या घरी शिरा झाला होता. अशा गावच्या लेकीला गिटार प्लायवूडची आहे हे सांगून उपयोग नसतो.

तरी चुंबकाचा पिकअप निदान ऐकून तर पाहू, म्हणून एका शनिवारी आम्ही तिघे मेट्रोने सिटी हॉलला गेलो. तिथल्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमध्ये गिटारची दुकाने आहेत. कन्या "मी फक्त सोबत येते" या अटीवर आली. दुरुस्ती करणाऱ्या चिनी अंकलनी चुंबक लावला, चार सूर छेडले. आवाज मोठा आणि स्वच्छ होता. कन्या म्हणाली, "ही मामाची गिटार वाटत नाहीये. कुठलीही वाटतेय." दोन महिन्यांतले गिटारबद्दलचे तिचे ते पहिले वाक्य.

मग अंकलनी दुसरे प्रकार बसतील का ते बघायला दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी आत घातली. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे कोणी चिकटवलंय?"

आम्ही आळीपाळीने आरशात पाहिले. घोडीच्या खाली, पिवळ्या पडलेल्या गोंदाच्या गोळ्यात, एक पितळी चकती होती. घड्याळाच्या गजरात किंवा वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डात असते तसली. तिला बोटभर वायर, पुढे तुटलेली.

घरी येऊन सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, ते होय! गणपतीत वाजवायचं म्हणून त्यानं लावलं होतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार होतं, त्याच्याकडनं मागवलं. मांडवात वाजवायला बसला आणि कर्ण्यातनं पत्र्याचा डबा बडवल्यागत आवाज यायला लागला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आई, वायर लोंबकळते म्हणून तसं होतंय, भोक पाडून जॅक बसवतो. मी म्हटलं, खबरदार! नव्या गिटारला भोक पाडतोस?" सासूबाई जरा थांबल्या. "मग पुन्हा चारचौघांत काही त्यानं वाजवलं नाही बघ. घरात वाजवायचा. दार लावून."

कन्या शेजारी बसून ऐकत होती.

"आता पाडा की," सासूबाई म्हणाल्या. "मला कशाला विचारताय."

त्या रात्री आम्ही चकतीच्या तुटक्या वायरला नवी वायर जोडली. मल्टीमीटरने मोजले तर चकतीची धारकता सुमारे २० नॅनोफॅरड भरली. तीस वर्षांनंतरही जिवंत! मग अकरावीतले सूत्र काढले. अशी चकती १० किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटला थेट जोडली तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे सारे सूर उतरत जातात. गिटारच्या सहा मोकळ्या तारांचे मूळ सूर ८२ ते ३३० हर्ट्झ. म्हणजे गिटारचा सगळा देह गेला आणि फक्त खणखणाट उरला, पत्र्याचा डबा! तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली की ही मर्यादा ८ हर्ट्झवर येते आणि सगळे सूर परत येतात. मामाची चकती ठीक होती. चिकटवलेली जागाही बरोबर होती. मधे फक्त एक छोटा प्रीअँप हवा होता, तो एका ट्रान्झिस्टरचा असता तरी चालले असते. त्याचा आणि भोकाचा काही संबंध नव्हता.

हे दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मुद्दाम सांगितले. "तुम्ही भोक पाडू दिलं असतं ना, तरी आवाज तसाच आला असता."

"असं होय?" त्या म्हणाल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "जेवलात का?"

पुढचा निर्णय कन्येचा. अंकलनी तीन चकत्यांचा नवा संच दाखवला होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो जास्त चांगला आहे, सहाही तारा सारख्या उचलतो. मामाच्या चकतीवर खालच्या तारा जरा दांडगाई करतात, पहिली तार लाजते. कन्या म्हणाली, "मी पहिली तार जोरात वाजवीन." तेव्हा जुनी चकती ठेवली, नवा गोंद लावला, आणि दीडशे डॉलरच्या आसपास पैसे प्रीअँपच्या डबीवर घातले. डबीत एक बटण आहे, त्याने किंचाळणारा नेमका सूर तेवढा कापता येतो. शिवाय गिटारच्या गोल भोकाला बसणारे रबरी झाकण घेतले.

भोक अंकलनीच पाडले. आधी चिकटपट्टी, मग बारीक ड्रिल, मग हाताने फिरवायच्या रीमरने हळूहळू १२ मिलिमीटर. दहा मिनिटांचे काम. सौ.ने पाठ फिरवली होती, आम्ही वर्तमानपत्रावर पडणारा भुसा बघत होतो, आणि गिटार कन्येने धरली होती.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात ती वाजवणार आहे. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या पालकांना एकच विनंती. गिटारची वायर थेट मिक्सरला लावू नये, आधी काळ्या डबीत लावावी आणि डबीतून मिक्सरकडे न्यावी. गडबडीत विसरायला होते म्हणून कन्येने डबीवर पांढऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, "आधी इथे".