परतीची तारीख

हैदराबादहून व्हिएन्नाला थेट विमान नाही. अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये कुठेतरी उतरावंच लागतं: दुबई, दोहा, फ्रँकफर्ट, नाहीतर आधी दिल्ली किंवा मुंबई गाठायची. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण गेले तीन महिने घरातलं हे खातं माझ्याकडे होतं. सासूबाई, वय ७९, पहिल्यांदाच देशाबाहेर निघाल्या आहेत. धाकट्या बहिणीकडे.

मावशी १९७९ पासून व्हिएन्नात. त्यांचे यजमान आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत लागले आणि त्याच वर्षी डॅन्यूबकाठी संयुक्त राष्ट्रांच्या नव्या इमारती उघडल्या. पुढे यजमान वारले, मुलगा तिथलाच झाला, मावशी राहिल्या. दर दोन वर्षांनी त्या हैदराबादला यायच्या. आधी बेगमपेटला उतरायच्या, २००८ नंतर शमशाबादला. आईवडील गेल्यावर परभणीचं घर विकलं गेलं, तेव्हापासून थोरल्या बहिणीचं घर हेच माहेर. येणं धाकटीचं आणि वाट बघणं थोरलीचं, अशी वाटणी चालत आली. आता मावशींचं डायलिसिस सुरू झालं आहे, आठवड्यातून तीनदा. त्यांचा विमानप्रवास संपला. हे कळलं त्या संध्याकाळी सासूबाई फार बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुकर लावताना म्हणाल्या, "आता माहेरच न्यावं लागतंय तिच्याकडं."

मग मी संगणकापुढे बसले.

विमानाच्या तिकिटाला भाव असा नसतोच. एकाच विमानातल्या, एकाच रांगेतल्या दोन जागा वेगवेगळ्या दराच्या असतात आणि प्रत्येक दराच्या मोजक्याच जागा ठेवलेल्या असतात. माझ्या नवऱ्याने सोबत जायचं ठरवून दोघांसाठी शोध घेतला, तर माणशी भाव एकदम चढला. स्वस्त दराची एकच जागा उरलेली असेल तर यंत्र ती एकाला देऊन दुसऱ्याला महागडी देत नाही, दोघांनाही महागडीच दाखवतं. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी तिथेच निकाल लावला: "मग मी एकटीच जाते. त्याला काय रजा उतू चाललीय?"

आखातातून जाणं स्वस्त पडत होतं. पण गेल्या वर्षी जूनमध्ये कतारचं आकाश काही तासांसाठी बंद झालं होतं, ते नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पाकिस्तानने २०२५च्या एप्रिलपासून आपल्या विमानकंपन्यांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून जाणाऱ्या विमानांनाही वळसा. पूर्वी लोक रस्त्यावरच्या नद्यांची चौकशी करून निघायचे, आम्ही आकाशांची केली. शेवटी फ्रँकफर्ट ठरलं. पुढचं व्हिएन्नाचं विमान त्याच आरक्षणात हवं, हा माझा हट्ट. म्हणजे पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीवर. मधला वेळ किती असावा हे मी मिनिटांत मोजलं नाही, बाथरूमच्या फेऱ्यांत मोजलं. सव्वा तासाचा थांबा नाकारला, तीन तासांचा घेतला.

चाकाच्या खुर्चीवरून वाद झाला. "मी चालायलेय की चांगली!" विमानकंपन्यांकडे यासाठीही संकेत आहेत: चालू शकणारा पण लांब चालू न शकणारा प्रवासी वेगळा, जिने न चढणारा वेगळा, अजिबात न हलू शकणारा वेगळा. सासूबाई यातल्या कशातच बसत नाहीत. त्या रोज कोटीच्या बाजारात पायी जातात. पण मी ती खुर्ची पायांसाठी मागतच नव्हते. फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासणारा अधिकारी इंग्रजीत काहीतरी विचारेल, पाट्या जर्मनमध्ये असतील, आणि खुर्ची ढकलणारा माणूस हा त्या अफाट विमानतळावरचा एकमेव जिवंत पत्ता असतो. आपल्याकडच्या कितीतरी धडधाकट आया परदेशातल्या विमानतळांवर याच कारणाने खुर्चीत बसतात. हे समजावल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे वाटाड्या. मग तसं म्हण ना."

व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे घेताना यंत्र अडलं. उजव्या हाताची बोटं पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा ठेवली. तिथली मुलगी तेलुगूत हळूच म्हणाली की म्हाताऱ्या बायकांचं असं होतं, रेषा झिजलेल्या असतात. साठ वर्षं भाकरी थापलेला हात. चौथ्या खेपेला उमटले एकदाचे. मावशींच्या मुलाने पाठवलेलं निमंत्रणपत्र मात्र दुसऱ्यांदा मागवावं लागलं, कारण त्याने आईला विचारून नाव घातलं आणि मावशींनी अक्काचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं दुसरं नाव पासपोर्टवर आहे. मावशींनी ते कधी उच्चारलंच नव्हतं.

शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. ७९ वर्षांच्या बाईला तो देताना कंपन्या हात आखडता घेतात, आणि हप्ता ऐकून आपण. पॉलिसीची पानं मी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. सासूबाईंनी एका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला. विम्यात काय काय हवं, याची ती यादी होती: तातडीचे उपचार, दवाखान्यातला खर्च, आजारपणात मायदेशी पाठवणी. आणि मृत्यू झाल्यास पाठवणी. मी पहिले तीन सांगून पान उलटायला लागले. "चौथं काय आहे?" सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं आहे," म्हणाल्या, "तीही सोय हाय म्हणायची." मग आत जाऊन मावशींना फोन लावला आणि दोघी बहिणी या गोष्टीवर इतक्या हसल्या, की नवरा बाहेरून विचारायला आला.

सामानाच्या यादीने मात्र त्यांना विम्यापेक्षा जास्त त्रास दिला. युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप बाद, पेढे बाद. कढीपत्ता बाद, कारण ताज्या पाल्यालाही दाखला लागतो. सुकं खोबरं विमानातच चालत नाही, पेट घेऊ शकतं म्हणून. येसर आणि शेंगदाण्याची चटणी राहिली. आणि एक नवल: दाखल्याशिवाय नेता येणाऱ्या मोजक्या पाच फळांत अननस, केळी, खजूर आणि ड्युरियनबरोबर नारळ आहे. मी ते मोठ्याने वाचलं. सासूबाई गप्प झाल्या. दोघीही विधवा, रीतीप्रमाणे आता ओटीचा प्रश्न नाही. "एक घे," असं म्हणून त्या उठल्या. कशासाठी हे मी विचारलं नाही.

आणि मग तारखा. त्यातच खरा महिना गेला.

जायची तारीख त्यामानाने लवकर सुटली. पंचमीला लेकी माहेरी येतात, म्हणून नागपंचमी मावशींकडे करायची, हे आधीच ठरलेलं. यंदा अधिक ज्येष्ठामुळे पंचमी ऑगस्टच्या मध्यावर गेलेली. सगळ्यात स्वस्त तिकीट निघालं बारा ऑगस्टच्या रात्रीचं, अकरा हजारांनी कमी. त्या दिवशी आषाढी अमावस्या. मी ते दाखवायलाच धजत नव्हते, पण त्यांनीच मागे उभं राहून पाहिलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेजवळ गेल्या. अमावस्या रात्री अकराच्या सुमारास संपत होती आणि विमान पहाटे दोनला. "म्हणजे श्रावण लागल्यावर निघते मी. घे ते." विमानकंपनीच्या हिशेबात मध्यरात्रीनंतर तेरा तारीख, त्यांच्या हिशेबात सूर्य उगवेपर्यंत बाराच. पण तिथीच्या बाबतीत दोघांचं जमलं.

परतीचं जमेना. त्या पडद्यावर परतीची तारीख घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि व्हिसालाही परतीचं आरक्षण दाखवावं लागतंच. कायद्याने १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं; पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. मावशींचा मुलगा संकोचाने तीन आठवडे म्हणत होता, घर लहान आणि डायलिसिसची धावपळ. मावशी नव्वदच्या नव्वद मागत होत्या. आम्हाला वाटत होतं, महिनाभर. भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, आणि ५२ वर्षांत सासूबाईंनी त्या एकदाही चुकवलेल्या नाहीत. नवऱ्याच्या आजारपणात नाहीत, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सालीही नाहीत. तेव्हा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मी ते भरूनही ठेवलं.

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. तारीख बदलता येते का, असं विचारलं. येते, पण दंड आणि भावातला फरक द्यावा लागतो. नाही बदलली तर? नाही बदलली तर यावं लागतं.

"किती दिवस होतात हे?"

एकोणतीस.

"एवढ्यात तर ती मला घर दाखवून संपवंल. आणि मग मी निघायची." थोडं थांबून म्हणाल्या, "ती येती तेव्हा दोन महिने राहती. मी काय एकोणतीस दिवसांनी उठू?"

"अहो आई, पण महालक्ष्म्या?"

"त्या येतात दर वर्षी."

हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असं घरातल्या कुणालाही वाटलं नव्हतं. त्यांनाही नसावं, कारण लगेच त्या माझ्यावरच चिडल्या, की मांडीवर ते यंत्र घेऊन काय बसलीस, भर पुढचं. मी ३१ ऑक्टोबर भरलं. ८० दिवस; दिवाळीच्या आत परत. भाव थोडा वाढला. त्यांनी चौकशी केली नाही.

पैसे भरल्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा आरक्षण क्रमांक आला. तो त्यांनी आपल्या वहीत, दूध आणि किराण्याच्या हिशेबाखाली, मला सांगायला लावून मराठीत लिहून घेतला. त्याच वहीच्या पुढच्या पानावर आता सोळा भाज्यांची यादी आहे, कोणती कधी निवडायची यासह. उभ्या महालक्ष्म्यांना साडी नेसवताना खालची निरी आधी धरायची, आंबील आदल्या दिवशी, मुखवटे कपाटात डाव्या बाजूला. मी आजवर नुसती मदतीला असायचे. नैवेद्य बाराला दाखवायचा, म्हणजे व्हिएन्नात तेव्हा साडेआठ. मावशींचा चहा झालेला असतो, तेव्हा फोन लाव आणि समोर उभा करून ठेव, असं मला बजावून झालं आहे.