सिंहगडाची चढण आणि काळजाचे ठोके

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, घटकाभर उभे राहावे आणि चढणाऱ्या मंडळींकडे पाहावे. पुण्याहून आलेल्या बसमधून कॉलेजातली पोरे उतरतात, पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू घेतलेली कुटुंबे उतरतात, वर्षानुवर्षे गड न चुकवणारे आजोबा उतरतात. अलीकडे त्यांत एक नवी जमात मिसळली आहे. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ, आणि दर दहा पावलांना नजर त्या घड्याळावर! वेळ पाहण्यासाठी नव्हे, तर काळजाचे ठोके पाहण्यासाठी. ही मंडळी मॅरेथॉनची तयारी करीत असतात.

१६७० साली तानाजी मालुसऱ्यांबरोबर गड चढणाऱ्या मावळ्यांच्या नाड्या कोणी मोजल्या नव्हत्या, असे कोणी हसून म्हणेल. खरे आहे. पण ते रोजचे डोंगरातले गडी. आठवडाभर कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने मात्र आपले काळीज किती पळू शकते, हे जाणून घेतलेले बरे.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत चढ सुमारे ६०० मीटरचा. वाट सुरू होते तेव्हा मंडळींच्या गप्पा रंगात असतात. मग चढ अंगावर येतो. वाक्ये तुटतात, पुढे शब्दही तुटतात, आणि ताक-सरबत विकणाऱ्या बाईंच्या टोपलीपाशी नुसता हात वर होतो! हे सारे घड्याळाशिवाय कळणारे नाडीशास्त्रच आहे. बोलता येते तोवर मेहनत बेताची. बोलणे बंद पडले की काळीज आपल्या मर्यादेकडे निघाले, असे समजावे.

ही मर्यादा म्हणजे एका मिनिटात पडू शकणारे जास्तीत जास्त ठोके. ती काढण्याचे सोपे गणित सगळ्यांच्या तोंडी आहे : २२० मधून वय वजा करा. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांच्या लेखातून ते जगभर गेले. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यांतून ओढलेली ती एक ढोबळ रेघ होती. पुढे २००१ साली टनाका, मोनाहन आणि सील्स यांनी ३५१ अभ्यास तपासून दुसरे सूत्र दिले : वयाला ०.७ ने गुणा आणि तो गुणाकार २०८ मधून वजा करा. चाळिशीच्या माणसाला दोन्ही हिशेब १८० च देतात. साठीच्या माणसाला मात्र पहिला १६० सांगतो, दुसरा १६६.

पण सूत्र कोणतेही घ्या, ते सरासरी सांगते. तुमचे काळीज सांगत नाही. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत पंधरा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. समजा, चाळिशीचे दोन मित्र गड चढत आहेत. एकाची खरी मर्यादा १६८, दुसऱ्याची १९२. दोघेही १८० धरून, त्याच्या ७५ टक्के म्हणजे १३५ ठोक्यांवर ‘सावकाश’ चालतात. पहिल्याच्या दृष्टीने सावकाश म्हणजे १२६. तो बिचारा रोज नकळत जास्त दमतो आणि महिन्याभरात कंटाळून सराव सोडतो. दुसऱ्याला १४४ पर्यंत मोकळीक होती. तो उगाच स्वतःला आवरत राहतो.

मग खरा आकडा काढावा कसा? गडाच्या वाटेवर नव्हे. तेथे पायांखाली सुटे दगड असतात, समोरून माणसे उतरत असतात. त्यासाठी दोन-तीन मिनिटांत चढून होईल असा, पायाला घट्ट लागणारा चढ शोधावा. पंधरा-वीस मिनिटे हलके धावून अंग गरम करावे. मग चढ एकदा जोराने धावावा आणि चालत खाली यावे. दुसऱ्या खेपेला अधिक जोर. तिसऱ्या खेपेला शेवटच्या अर्ध्या मिनिटात काही शिल्लक ठेवू नये. त्या वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा आपला. मनगटापेक्षा छातीचा पट्टा अधिक भरवशाचा. सायकलवर हाच आकडा बहुधा काही ठोक्यांनी कमी येतो. तेव्हा ज्या खेळाची तयारी, त्याच खेळात मोजणी करावी.

मात्र हा उद्योग सर्वांनी करायचा नाही. चाळिशी ओलांडलेली, रक्तदाब किंवा मधुमेह असलेली, छातीत कधी दुखलेले, घरात हृदयविकार असलेली, अशा मंडळींनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुळातच खाली ठेवतात. त्यांच्या बाबतीत सगळी सूत्रे फोल. इस्पितळात फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढतात, ती चाचणी सुरक्षित. पण ती कित्येकदा अंदाजी आकड्याच्या ८५ टक्क्यांवरच थांबवतात. तिथला शेवटचा आकडा म्हणजे आपली मर्यादा, असे समजू नये.

आणि एक गोष्ट. हा आकडा शौर्याचे पदक नव्हे. १९२ वाला १६८ वाल्यापेक्षा तगडा, असे मुळीच नाही. सरावाने ही मर्यादा वाढत नाही. वयाबरोबर ती हळूहळू उतरतच जाते. सरावाने वाढते ते प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त. म्हणून आज १४० ठोक्यांवर गड चढायला दीड तास लागत असेल, आणि चार महिन्यांनी तितक्याच ठोक्यांवर सव्वा तासात पुणे दरवाजा आला, तर काळीज सुधारले असे खुशाल समजावे. मग वरच्या पिठलं-भाकरीला कोणाही डॉक्टरची हरकत नसावी!