चार्ल्सटनचे मैदान आणि बिनव्याजी आशा

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची राजधानी चार्ल्सटन हे कनॉवा आणि एल्क या नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले शहर आहे. १९३२ साली पूर्ण झालेल्या राज्य विधानभवनाचा सोनेरी घुमट ही त्याची दुरून पटणारी ओळख. परंतु गावाचा खरा स्वभाव पाहायचा, तर उन्हाळ्याच्या संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानावर जावे. २००५ साली खुल्या झालेल्या या मैदानात सुमारे साडेचार हजार प्रेक्षक बसतात.

२०१२ मध्ये येथे ‘वेस्ट व्हर्जिनिया पॉवर’ हा संघ खेळत असे. पिट्सबर्ग पायरेट्स या बड्या संघाची ती जणू एक छोटी शाखाच. अशा शाखांच्या पायऱ्या चढत नवोदित खेळाडूने वर जायचे असते. तेव्हा पगार तुटपुंजा आणि तोही हंगामापुरता असे, प्रवास बसचा, आणि शेवटच्या पायरीवर पोहोचणारे फारच थोडे.

त्या वर्षीच्या संघात रिंकू सिंग हा डावखुरा पिचर होता. गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील भदोही भागातला, ट्रकचालकाचा हा मुलगा मूळचा भालाफेकपटू. २००८ साली भारतात झालेल्या एका स्पर्धेत ताशी ८७ मैल वेगाने चेंडू फेकून त्याने एक लाख डॉलर जिंकले आणि त्याच वर्षी पायरेट्सने त्याला करारबद्ध केले. सोबत निवडला गेलेला दिनेश पटेल दोन वर्षांनी मायदेशी परतला. रिंकू मात्र टिकून राहिला.

पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता, हात कोपरात वाकवून तो चेंडू फेकतो. इतर मुले हे बालपणापासून शिकतात. रिंकूने विशीच्या उंबरठ्यावर आरंभ केला. तो सर्वोच्च पातळीवर पोहोचेल, असे हिशेब जाणणारा कोणीही सांगितले नसते.

तरीही चार्ल्सटनमध्ये आपल्या पिचरला मनापासून प्रोत्साहन मिळते. प्रतिस्पर्धी फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला, की ‘टोस्टमॅन’ म्हणून ओळखला जाणारा एक चाहता पुढच्या रांगेतून भाजलेल्या पावाचे काप प्रेक्षकांत उधळतो. टोस्टर तो जवळच ठेवतो!

व्यापारी दृष्टीने पाहिले, तर हा सौदा विचित्र आहे. खेळाडू अपयशी ठरला तर तो घरी जातो. यशस्वी झाला तर वरच्या संघात जातो. गावाच्या पदरी दोन्हीकडून वियोगच. त्याच २०१२ च्या संघातील ग्रेगरी पोलांको २०१४ मध्ये पायरेट्सकडून खेळू लागला. रिंकूचा मात्र अमेरिकेतील तो शेवटचा हंगाम ठरला. कोपराच्या दुखापतीने आणि शस्त्रक्रियेने त्याची वाट अडवली. पुढे २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. दोघांसाठी वाजलेल्या टाळ्या मात्र याच मैदानावरच्या.

पुढे गावावरही तीच वेळ आली. २०२१ च्या हंगामापासून बड्या संघांशी जोडलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली आणि चार्ल्सटनचे नाव यादीतून गळाले. शाखा बंद झाली. पण मैदान बंद झाले नाही. स्वतंत्र लीगमध्ये प्रवेश घेऊन गावाने खेळ चालू ठेवला.

परताव्याची हमी असेल तेथे विश्वास टाकणे सोपे असते. पेढीवर नव्याने आलेल्या होतकरू मुलाला काम शिकवणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असते, की हा उद्या स्वतःचे दुकान थाटेल किंवा गाव सोडून जाईल. म्हणून तो शिकवणे थांबवत नाही. चार्ल्सटनचे प्रेक्षकही खेळाडूच्या उद्याकडे पाहून टाळी राखून ठेवत नाहीत. आजच्या चांगल्या चेंडूची पोच ते आजच, रोखीने देतात.