एफपीएसचं दुखणं

घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की तो प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करू शकतो असा समस्त नातेवाईकांचा समज असतो. मी आयुष्यात जावा सोडून फारसं काही केलेलं नाही, पण हे ताईला कोण सांगणार? त्यामुळे भाच्याचा गेमिंग पीसी "स्लो चालतोय" ही तक्रार थेट माझ्याकडे आली. एरवी हसून टाळलं असतं, पण यावेळी मामला पैशांचा होता.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवून त्याने दीड वर्षात तीस हजार रुपये साठवले होते, आणि ते सगळेच्या सगळे नव्या ग्राफिक्स कार्डात घालायला निघाला होता. दुकानदार म्हणाला कार्ड बदल, मित्र म्हणाले कार्ड बदल. दाजींचं मत वेगळं, ते म्हणजे कॉम्प्युटरच विकून टाक. "मामा, तू फक्त कुठलं कार्ड घेऊ ते सांग," एवढंच त्याचं म्हणणं. म्हटलं, थांब जरा. शनिवारी येतो, आधी बघू तरी.

मशीन तसं बरं होतं. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० कार्ड, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. गेम म्हणजे २०२३ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक २, तोही सगळी सेटिंग्ज कमी ठेवून. गंमत अशी की कोपऱ्यातला एफपीएसचा आकडाही वाईट नव्हता, दीडशेच्या मागेपुढे. "मग रडतोस कशाला?" तर म्हणे, "अरे मामा, चार-पाच जण एकदम समोर आले ना, की अडकतं. आणि ते सुटेपर्यंत मी मेलेला असतो!"

इथे माझे कान टवकारले. कारण हे दुखणं आमच्या ओळखीचं. ऑफिसात सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास असतो आणि तरी कस्टमर बोंबलत असतो. सरासरी हा प्रकारच तसा. एका सेकंदात १२० फ्रेम्स आल्या असं समजा. त्यातल्या ११९ फ्रेम्स मिळून ९०० मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या एकीनेच १०० घेतले, तरी आकडा १२० एफपीएस असाच दिसणार. पण १४४ हर्ट्झचा मॉनिटर दर ६.९४ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो. म्हणजे त्या एका फ्रेमपायी साधारण चौदा वेळा तेच ते चित्र डोळ्यांसमोर. गोळी लागायला तेवढं पुष्कळ झालं. २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसनने हाच मुद्दा धरून एकेका फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून कार्डांची परीक्षणं लिहायला सुरुवात केली. आता 'एक टक्का लो' हा आकडा सगळीकडे देतात तो त्यासाठीच. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचं काय, हे तो सांगतो.

तेव्हा आधी मोजायचं ठरलं. कॅपफ्रेमएक्स नावाचं फुकट टूल टाकलं. एकच मॅप, तेवढेच बॉट, तोच रस्ता, एक मिनिट, तीन वेळा. सरासरी १५५ आणि एक टक्का लो ५८! म्हणजे पोरगं उगाच रडत नव्हतं.

आता प्रश्न असा, की अडतंय कुठे? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आत आचारी पुऱ्या तळतोय, बाहेर वाढपी वाढतोय. प्रोसेसर हा आचारी. कोण कुठे उभा, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं, हे सगळं तो तयार करून देतो. ग्राफिक्स कार्ड हा वाढपी, चित्र काढून पडद्यावर नेणारा. पुऱ्याच हळू येत असतील तर दुप्पट पगाराचा वाढपी आणून काय उपयोग? तोही दारात ताट घेऊन उभाच राहणार.

आणि हे तपासायला दमडी लागत नाही. रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी वर आणलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचं काम तेवढं हलकं झालं. अडचण कार्डाची असती तर आकडा टणकन वर जायला हवा होता. गेला किती, तर १५५ चा १५७. कार्डाचा वापर बघितला, साठ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे आहे तेच कार्ड निवांत बसलंय! तीस हजार तिथल्या तिथे वाचले. भाचा जरा खट्टू झाला, कारण मनात कार्ड केव्हाच घेऊन झालं होतं.

"पण प्रोसेसर तर ३५ टक्केच वापरला जातोय," त्याने टास्क मॅनेजर दाखवला. हा आणखी एक चकवा. या प्रोसेसरला सहा कोअर, बारा थ्रेड. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच जीव तोडून पळत असला, तरी एकूण आकड्यात तो आठेक टक्केच दिसतो. बाकीचे मोकळे असून उपयोग नाही, कारण ते काम वाटून घेता येत नाही. पुन्हा सरासरीच!

मग प्रोसेसर का अडतोय? तापमान पाहिलं, ठीक. धूळ फारशी नाही. मॉनिटर खरोखर १४४ वर आहे ना, आहे. शेवटी टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या पानावर गेलो, तर वेग २१३३. बिलावर रॅम ३२०० ची. सीपीयू-झेड उघडलं तर चॅनल एकच. कॅबिनेटची बाजू काढली आणि उलगडा झाला. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवलेल्या.

बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलचे असतात. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, मॅन्युअलमध्ये तसं चित्रच असतं. वेगाचं म्हणाल तर रॅम विकत घेतल्यावर आपोआप ३२०० वर चालत नाही. बोर्ड तिला सुरक्षित अशा कमी वेगावर सुरू करतो, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल आपण चालू करायचं असतं. हिशोब केला तर एका चॅनलवर २१३३ म्हणजे सेकंदाला १७ जीबी, दोन चॅनलवर ३२०० म्हणजे ५१.२ जीबी. सरळ तिप्पट! शिवाय रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेगही मेमरीच्या वेगाला बांधलेला असतो. थोडक्यात काय, तर आचारी चांगलाच होता, कोठीतून कणीक येत नव्हती.

एका वेळी एकच बदल, हा आपला धंद्यातला नियम. आधी नुसत्या पट्ट्या हलवल्या आणि मोजलं. मग एक्सएमपी चालू करून मोजलं. दोन्ही वेळा आकडा वर गेला, पहिल्या वेळी जास्त. शेवटी सरासरी २०० च्या वर आणि एक टक्का लो नव्वदीत. तिप्पट काही झालं नाही, होणारही नव्हतं, कारण पुष्कळसं काम प्रोसेसर आपल्या कॅशमध्येच उरकतो. पण अडकणं गेलं. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली, कारण वाढवलेला वेग प्रत्येक रॅमला झेपेलच असं नाही. सकाळी एकही एरर नव्हती.

दाजी चहा घेताना म्हणाले, "मग खराब काय झालं होतं?" म्हटलं, काहीच नाही. हे काही त्यांना पटेना. मशीन सुरू होत होतं, गेम चालत होता, दुकानदाराच्या दृष्टीने काम पूर्ण. दोन वर्षं ते तसंच निमूट संथ चाललं, कारण तक्रार करायला कॉम्प्युटरला तोंड नाही. मोडलेली वस्तू निदान दिसते तरी. अशी अर्ध्या ताकदीवर चालणारी दिसत नाही, आणि मग आपण तिच्यावर पैसे ओतत राहतो. ऑफिसातही संथ क्वेरीवर मोठा सर्व्हर घेऊन मोकळे झालेले लोक मी पाहिलेत, पण ते पैसे कंपनीचे असतात. इथे एकेका शिकवणीचे होते.

कार्ड कधीच घेऊ नये असं नाही हं. हाच भाचा उद्या १४४० पी वर सायबरपंक २०७७ खेळायला लागला, तर तिथे कार्डच घामाघूम होईल, आणि तेव्हा पैसे कार्डातच घालावेत. तेही मोजूनच कळेल. तूर्तास तीस हजार बँकेत आहेत.

असो. तुमचाही गेम अडखळत असेल तर पाकीट काढण्याआधी एकदा रिझोल्यूशन कमी करून बघा. दोन मिनिटं लागतात.