अंगणातले औषध

डहाणूच्या बाजूला गेले, आणि कोसबाडची टेकडी दिसली, की मला 'अंगण' या साध्या शब्दाची मोठी गंमत वाटते. आम्हां शहरवासीयांचे अंगण केव्हाच गेले. पण याच मुलखातल्या अंगणाने साऱ्या देशाला एक शब्द दिला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या दोघींनी आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या दारी नेली. १९५७ साली केंद्र कोसबाडला आले, आणि गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणातही गेली. पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगाव पोहोचला.

बोर्डीच्या त्या आरंभाआधी दोनच वर्षे, १९४३ साली, लिओ कॅनर नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरने अकरा मुलांची हकीकत छापली होती. हाक मारली तर वळून न पाहणारी, माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, रोजचा क्रम थोडा बदलला तरी कासावीस होणारी ती मुले. आपण आज त्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतो. बाल्टिमोर आणि बोर्डी यांची गाठ तेव्हा कोण घालणार?

ती गाठ मी तलासरीकडच्या एका पाड्यावर पाहिली. अंगणवाडीच्या सेविकाबाईंबरोबर सहज गेले होते. ओट्यावर साडेतीन वर्षांचा मुलगा डब्याचे झाकण गरगर फिरवीत बसला होता. आई मजुरीला गेलेली, आजी म्हणाली, "बाई, याला बाहेरचं झालंय. भगताला कोंबडं दिलं, तरी बोलत नाही."

सेविकाबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. दुसरे झाकण घेऊन त्या मुलाशेजारी बसल्या आणि तो फिरवी तसे फिरवू लागल्या. मध्येच थांबल्या. तोही थांबला. त्याने एकवार त्यांच्या झाकणाकडे पाहिले, मग त्यांच्या तोंडाकडे. "आजी, आता तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, "आणि त्याने पाहिलं, की मगच बोला. एकच शब्द. घाई नको."

हा भोळा खेळ नव्हे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत अशा पासष्ट मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेल्या साध्या पदवीधर कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घ्यायच्या. आई आणि मूल खेळतानाचे चित्रण करून ते आईलाच दाखवायचे. मूल कुठे पाहते, केव्हा काही मागू पाहते, हे तिने ओळखायचे. आया मुलांच्या खुणांना अधिक जुळवून घेऊ लागल्या आणि मुले आपणहून आयांशी अधिक संवाद करू लागली. स्वमग्नता त्याने नाहीशी होत नाही, आणि तसे कोणी म्हणू नये. पण मूल आणि माणसे यांच्यामध्ये एक पायवाट पडते. आणि ती पडायला लहान वयासारखा दुसरा काळ नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. २०१३ सालापासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते, आणि विकासातला विलंब हा त्या तपासणीचा भाग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचे नाव आहे. २०२३ साली दिव्यांग मुलांसाठी अंगणवाड्यांना स्वतंत्र कार्यपद्धतीही मिळाली. अडते ते चिठ्ठी हाती पडल्यावर. ती घेऊन दर आठवड्याला शहरात जायचे, तर मजुरी बुडते आणि भाडे पडते. मुंबई इथून सुमारे सव्वाशे किलोमीटर. दोन खेपा होतात, तिसरी होत नाही.

म्हणून वाटते, सरकारने या मुलांवरचा पैसा इमारतीइतकाच पायी चालणाऱ्या माणसावर घालावा. सेविकेच्या डोक्यावर आधीच पोषण आहार, वजने आणि नोंदी आहेत, तेही मानधनावर. तिच्या ओझ्यात हे काम फुकट टाकले तर ते कागदावरच राहील. दर काही पाड्यांमागे एक शिकवून तयार केलेली, पगारी, वारली बोली जाणणारी बाई हवी; आणि तिला अडले तर विचारायला एक तज्ज्ञ हवा.

आणखी एक गोष्ट. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाताची कापणी उरकत आलेली असेल. दिवाळी सरली, की इथली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. मुलगाही त्यांच्याबरोबर जाणार. इथे सुरू झालेली बैठक तिथे कोण पुढे चालवणार? त्याची वही त्याच्याबरोबर गेली पाहिजे, आणि ती उघडून वाचणारी कोणीतरी भट्टीवर आली पाहिजे. भट्टीवरच्या झोपडीपुढेही दोघांनी बसून झाकण फिरवण्यापुरती जागा असतेच.